तिसऱ्या खंडाचं मुखपृष्ठ

मी ग्रंथपाल आहे आणि मी पुस्तकं वाचत नाही. अगदीच नाही असं नाही. पाठीवरचं नाव वाचतो, वर्गांक वाचतो, वाळवी कुठल्या पानापर्यंत पोचलीय ते वाचतो. आत काय लिहिलंय ते मला विचारू नका. कुणी विचारतही नाही. ग्रंथालयात येणारा माणूस ग्रंथपालाला विचारतो ते पंखा का बंद आहे, पेपर कुणाकडे गेलाय आणि मुतारी कुठे आहे. या सगळ्याची उत्तरं मला पाठ आहेत. एका माणसानं त्यापलीकडचा प्रश्न विचारला आणि मी उघडा पडलो, त्याची ही हकीकत.

मी दापोलीकडचा. सिल्वासात नोकरी लागली तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगा परदेशात चाललाय. इथे आल्यावर कळलं की निम्मी कचेरी आपल्याच बाजूची आहे, आणि उरलेली निम्मी आपल्यापेक्षा बरं मराठी समजते, फक्त बोलते गुजरातीत. ग्रंथालयात आम्ही तिघं. साहेब, मी आणि काउंटरवरच्या बेन. बेन इथल्याच. मला ‘भाई’ म्हणतात आणि माझी एकही चूक फुकट जाऊ देत नाहीत.

संगणकीकरणाचा प्रकल्प आला तेव्हा साहेबांनी तो माझ्या गळ्यात घातला. कारण विचारलं तर म्हणाले, “अहो, तुमचा मोबाईल सगळ्यात मोठा आहे.” एवढ्या पात्रतेवर मी प्रकल्पप्रमुख झालो आणि झालो तो चढलोच. बोलताना मधेमधे ‘डेटा’ म्हणायला लागलो. घरी बायकोनं डाळ-तांदळाचे डबे कुठे ठेवू विचारलं तरी मी वर्गीकरण सांगायचो.

कामं दोन होती. सभासदांची नोंद करायची आणि प्रत्येक पुस्तकावर बारकोडची पट्टी लावायची. सभासदांच्या नोंदीत मोबाईल नंबर सक्तीचा होता. तो भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नसे. जुन्या सभासदांपैकी कित्येकांचे नंबर आमच्याकडे नव्हतेच. म्हणून ती चौकट भरायला मी साहेबांचा नंबर टाकत गेलो. म्हटलं नंतर बदलू. ते ‘नंतर’ अजून यायचंय. यंत्र सुरू झालं त्या आठवड्यापासून सगळ्या थकबाकीदारांचे निरोप साहेबांना जायला लागले. ‘प्रिय वाचक, आपण घेतलेले पाककृतींचे पुस्तक त्वरित परत करावे.’ साहेब बाहेर यायचे, मोबाईल माझ्यापुढे धरायचे आणि एक शब्द न बोलता परत जायचे. जेवणाच्या सुट्टीतही त्यांचे फोन यायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पट्ट्यांचं काम मी स्वतः केलं. नियम असा होता की पट्टी मुखपृष्ठावर, वर उजवीकडे लावायची, म्हणजे यंत्राला दाखवायला सोपं. खाली काय छापलंय हे बघत बसलो असतो तर जन्म गेला असता. लेखकांची आडनावं झाकली गेली, एका पोथीवर तर पट्टी थेट देवाच्या तोंडावर बसली. बेन म्हणाल्या, “भाई, आता देव पण मशीनला दाखवल्याशिवाय बाहेर नाय जाणार.”

आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. टेबलावर बसून वाचलेलं पुस्तक वाचकानं कपाटात ठेवायचं नाही, तिथेच सोडायचं. बंद करायच्या वेळी ती पुस्तकं उचलताना खांबाला टांगलेल्या पाटीवर खडूनं रेघा ओढायच्या. पुस्तकागणिक एक रेघ. कपाटावार रेघा. महिन्याच्या अहवालात त्या जायच्या. मी प्रकल्पप्रमुख झाल्यावर पहिली ती पाटी उतरवली. म्हटलं, एकीकडे बारकोड आणि एकीकडे खडू, लोक हसतील. रेघा ओढायच्या वाचल्या म्हणून बेनही खूश झाल्या. नव्या यंत्रातही त्याची सोय होती. टेबलावरचं पुस्तक उचलताना एकदा यंत्राला दाखवायचं, की ‘जागेवर वाचले’ अशी नोंद होते. प्रशिक्षणात हे शिकवलं होतं म्हणे. त्या वेळी मी बाहेर खमणच्या रांगेत होतो.

वर्षभरानं यंत्रानं पहिला मोठा अहवाल दिला. शून्य देवघेव. म्हणजे ज्या पुस्तकांची घरी नेल्याची किंवा जागेवर वाचल्याची एकही नोंद नाही त्यांची यादी. पाण्याच्या कूलरशेजारचं मराठीचं कपाट त्यात जवळजवळ अख्खं होतं. एके काळी मुंबई-कोकणातून इथे आलेल्या मास्तर-कारकुनांनी ते भरलं होतं. जाताना आपली पुस्तकं देऊन जायची रीत होती. आता मास्तर-कारकून मोबाईलवर वाचतात. त्या कपाटातलं वाचणारी माणसं वेगळी होती. नरोलीच्या खोल्यांतून, सायलीच्या कारखान्यांतून सुट्टीच्या दिवशी यायची. बहुतेक खानदेशातली. सभासद व्हायला इथल्या पत्त्याचा कागद लागतो आणि खोलीचा मालक भाडं घेतो, कागद देत नाही. म्हणून ती टेबलावर बसून वाचायची, पुस्तक तिथेच सोडायची आणि जायची.

हे मला माहीत होतं. माझ्या खुर्चीतून ते टेबल दिसतं. माणसं वाचताना मी रोज बघत होतो आणि पडद्यावर शून्य आलं तेव्हा मी पडद्याचं ऐकलं.

निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तकं दफ्तरातून काढून टाकायच्या, ठरावावर साहेबांची सही झाली, माझी झाली. रद्दीचा टेम्पो वापीहून आला. पुस्तकं जाण्याआधी त्यांची ‘डिजिटल आठवण’ ठेवावी अशी कल्पना मी मांडली होती आणि ती साहेबांना फार आवडली होती. अख्खी पुस्तकं स्कॅन करायला वेळ नव्हता, म्हणून फक्त मुखपृष्ठं केली. कपाटाच्या जागी बोटानं चालवायचा मोठा पडदा आला. त्यावर ती मुखपृष्ठं एकामागून एक सरकायची, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचो.

पडदा लागल्यानंतरच्या शनिवारी तो आला, सुरुवातीला म्हटलेला माणूस. चाळिशीचा, उंच, कानात कापसाचा बोळा. सायलीला सुताच्या कारखान्यात यंत्रावर असतो, शनिवारी त्याची सुट्टी. नेहमीप्रमाणे सरळ कूलरकडे गेला आणि पडद्यासमोर थांबला. मग पडद्याच्या मागे डोकावून पाहिलं.

“सर, कपाट कुठं सरकवलं?”

“सरकवलं नाही. काढलं.”

“कुठं?”

“निर्लेखन झालं.” त्याला कळलं नाही. “रद्दीत गेलं,” मी म्हटलं.

तो हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं असावं, माझा चेहराच तसा आहे. “नाही, पण माझा तिसरा भाग शे त्याच्यात. दोन झाले. तिसरा आज काढणार होतो.”

“सगळंच गेलं. वापीला. तिकडे कागदाचे कारखाने आहेत ना, त्यांच्याकडे.”

त्यानं कानातला बोळा काढला, बोटांत फिरवला. “आमच्याकडं सूत गुंडाळायच्या नळ्या येतात ना सर, पुठ्ठ्याच्या, त्या तिथल्याच. रद्दीच्या. म्हणजे येईल तो माझ्याकडंच. मी सूत गुंडाळीन त्याच्यावर.”

बेन काउंटरवरून म्हणाल्या, “भाई, यांना खुर्ची तरी द्या.”

खुर्ची दिली. समोरच्या टपरीवरून चहा मागवला. आणि मला जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं, की बाबा, एवढं काय आहे त्या पुस्तकात?

पुस्तकाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही शोधायला लागाल. मी शोधून दमलोय. जुनी तीन खंडांची कादंबरी, कुणा हौशी माणसानं लिहिलेली. तो ती स्वतःसाठी वाचत नव्हता. त्याचा धाकटा भाऊही त्याच्याबरोबर इथे कामाला होता. कारखान्यात मजल्यावरून पडला आणि मानेपासून खाली लुळा झाला. हात उचलत नाही, मोबाईल धरता येत नाही. गावी शिरपूरकडे करणारं कुणी नाही, म्हणून नरोलीच्या खोलीतच पडून असतो. खोलीत सहा जण, वेगवेगळ्या पाळ्यांचे, एक कुणीतरी नेहमी घरी असतो. शनिवारी हा इथे येऊन वाचायचा आणि रात्री खोलीवर जाऊन भावाला सांगायचा. मग आठवडाभर इतर पाच जण तेच त्याच्याशी बोलत राहायचे. गोष्टीतल्या गाडीवानानं असं करायला नको होतं, तसं करायला हवं होतं.

“आता रोज विचारतो, गाडीवान घरी पोचतो का. मी म्हटलं, थांब ना, तिसऱ्यात कळंल. दवाखान्यात जायचं तरी म्हणतो, तिसरा होऊ दे, मग जाऊ.”

मी म्हटलं, सांगा बघू सगळी गोष्ट पहिल्यापासून. शोधायला बरं पडेल. माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिजायला लागलं होतं.

त्यानं सांगितली. जंगलातून लाकूड वाहणारा एक गाडीवान. लाकडाच्या वखारीला आग लागते, नाव याच्यावर येतं. बायकोला मागे ठेवून गाडी घेऊन पळतो, रानोरान. एवढं ऐकलं आणि साहेबांचा फोन आला. कुणीतरी ज्योतिषाचं पुस्तक परत केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल साहेबांना सकाळपासून तिसरा निरोप आला होता. मी बाहेर जाऊन साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. परत आलो तोवर दुसरा खंड बराच पुढे गेला होता. मध्ये काय झालं ते विचारलं नाही. मान हलवत राहिलो. शेवटी गाडीवानाला कळतं की आग लावणारा सापडलाय, आता परत जायला हरकत नाही. तिथे दुसरा खंड संपतो.

पुढचे काही दिवस मी खरोखर शोधलं. प्रकाशन कधीच बंद पडलं होतं. वलसाड, वापी, सगळीकडे फोन केले. मग एके दिवशी पालघर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाची यादी संगणकावर दिसली. तिसरा खंड. स्थिती : उपलब्ध. हिरव्या अक्षरांत. मी रजा टाकली आणि बसनं गेलो.

तिथला ग्रंथपाल माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच टेबलाला पोट टेकवून बसलेला. यादी दाखवली तसा तो म्हणाला, “नोंद आहे. पुस्तक नाही.”

“मग उपलब्ध कसं लिहिलं?”

“कपाटं कोण बघत बसतो? जुन्या दाखल नोंदवहीवरून भरलं सगळं. त्यातली निम्मी पुस्तकं माझ्या आधीच्या माणसाच्याही आधी गेलीत.” मग पुढे वाकून म्हणाला, “खरं तर आम्हीच तुम्हाला पत्र लिहिणार होतो. आमच्या एका वाचकाला पहिला खंड हवाय. तुमच्या सिल्वासाच्या यादीत तिन्ही उपलब्ध दिसतात.”

मी तिथेच मोबाईल काढून पाहिलं. दिसत होते. टेम्पो भरून पुस्तकं पाठवली, पण यंत्रातली स्थिती बदलायची राहिली होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग त्यानं मला पोहे खायला घातले.

परतीच्या बसमध्ये मी शेवट रचला. सोपं वाटलं. गाडीवान घरी पोचतो, बायको दारात उभी असते, गाव गोळा होतं, खरा गुन्हेगार पाय धरतो. थोडा पाऊस घातला. एक म्हातारी घातली, ती आशीर्वाद देते. तलासरी येईपर्यंत मला स्वतःलाच गहिवरून आलं होतं. पुढच्या शनिवारी त्याला सांगितलं, पुस्तक मिळालं, बाहेर देत नाहीत म्हणून तिथेच बसून वाचलं, चला, मीच येऊन सांगतो. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं मला वाटेत उसाचा रस पाजला.

नरोलीची खोली म्हणजे पत्र्याखालच्या एका ओळीतलं एक दार. आत भिंतीला लागून लोखंडी खाट, त्यावर तो. तिशीही नसेल. चेहरा दाढी केलेला, स्वच्छ. भाऊ रोज करतो. बाकीच्यांपैकी दोघं पाळीवरून नुकते आलेले, तेही न झोपता भिंतीला टेकून बसले. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला. मग मला वाटलं, तो खाटेकडे परत फिरवावा. फिरवला नाही.

मी सांगितलं. बरं सांगितलं असावं. म्हातारीच्या आशीर्वादाला एकानं डोळे पुसले. खाटेवरचा सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला तेवढंच करता येत होतं, पण तेवढं तो पूर्ण करत होता. संपलं तसा म्हणाला, “आणि बैल?”

“कुठले बैल?” मी म्हणालो.

मलाच ऐकू आलं मी काय बोललो ते. गाडीवानाची गोष्ट, आणि मी त्याला नुसता चालवत आणला होता. “हां, बैल होय! बैल ठीक आहेत,” मी म्हटलं. पाहुण्यांच्या घरची खुशाली सांगावी तसं.

“नावाड्याजवळ ठेवले होते ना,” तो सावकाश म्हणाला. “ढवळा आणि शिंगमोडका. परत येऊन नेईन, असं वचन देऊन. नेले का?”

मी साहेबांच्या शिव्या खात होतो तेव्हा दुसऱ्या खंडात हे झालं होतं. ज्योतिषाचं पुस्तक.

“नेले,” मी म्हणालो.

“सर, तुमी वाचलं नाही.” आवाजात राग नव्हता. मग त्यानं डोळे भावाकडे फिरवले, मान फिरत नव्हती. “तू बी असंच सांगत होता का माले?”

थोरल्यानं उठून पंखा खाटेकडे फिरवला. बोलायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी तो आला आणि पडद्याकडे न बघता माझ्या टेबलाशी बसला. “त्यानं ऐकणं सोडलं सर. मी तोंड उघडलं की म्हणतो, राहू दे, बनवू नको. नुसता पत्र्याकडं बघतो. दवाखान्याचं नाव काढलं तर डोळे मिटतो.” मग म्हणाला, “आणि बनवायचोच ना मी थोडं. बारा तास त्या यंत्राच्या आवाजात डोकं कुठं राहतं? विसरलेलं पदरचं घालायचो. पण गाडीवान खरा होता. बैल खरे होते. आता म्हणतो, पुस्तक दाखव. कुठून दाखवू?”

बेन काउंटरवरून ऐकत होत्या. “भाई, तुमच्या त्या टीव्हीत फोटो फिरतात ना दिवसभर? ते कशासाठी आहेत, मोक्षासाठी?”

मुखपृष्ठं! तिन्ही होती. मी छापून काढली. प्रिंटरमधला पिवळा रंग संपला होता, त्यामुळे आग गुलाबी आली आणि जंगल निळं. तरी घेऊन गेलो. या वेळी बोलायचं नाही असं ठरवून.

थोरल्यानं पहिला कागद भावाच्या डोळ्यांसमोर धरला. वखार जळत होती, गुलाबी का होईना. दुसरा धरला. नदी, नाव, काठावर बांधलेले दोन बैल. एक पांढरा. दुसऱ्याचं एक शिंग अर्धं.

“शिंगमोडका,” धाकटा म्हणाला. त्याच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. “खरंच शे की.”

“मग? मी काय खोटं बोलतो तुझ्याशी?” थोरला म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. भिंतीला टेकलेल्यांपैकी एक जण ओरडला, “पुढचा दाखव, पुढचा!”

तिसरा धरला. रानातली वाट. मधोमध गाडी उभी, जू जमिनीला टेकलेलं. बैल नाहीत. गाडीच्या पुढे पाठमोरा माणूस, वर उजवीकडे चाललेला.

धाकट्यानं बराच वेळ पाहिलं. “बैल गेले,” तो म्हणाला. “विकले असतील नावाड्यानं.”

“चित्रवाल्यानं काढले नसतील रे. जागा नसंल.”

“गाडी काढली ना मग. बैलाला जागा नाही?” तो पाहतच होता. “गाडी सोडून चालला. चालत. तिकडं घर असंल, वर. कागद जवळ आण.”

थोरल्यानं कागद नाकापर्यंत आणला.

“इथं भिंत दिसते. इथं ओट्याची पायरी. दारात कोणी शे का पाहा बरं.” मग त्याचे डोळे माझ्याकडे आले. “सर, ही पट्टी कशाची? ह्या पट्टीखाली काय शे?”

वर उजवीकडे. दार जिथे असायला हवं तिथे बारकोडची पट्टी होती, जराशी वाकडी. मीच लावलेली, आणि तिच्यासकटच स्कॅन केलेली.

काय सांगणार? बायको दारात उभी आहे, हे मी आधीच एकदा सांगून चुकलो होतो. ते आता खरं असलं तरी माझ्या तोंडून खोटंच वाटलं असतं. मी म्हटलं, “माहीत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. मग डोळे मिटून, “पण चालला तर शे.”

थोरल्यानं कागद भाताच्या शितानं खाटेसमोरच्या पत्र्याला चिकटवले. आठवडाभर म्हणे खोलीत पुन्हा बोलणं सुरू झालं. कुणी म्हणायचं दारात बायको आहे, कुणी म्हणायचं कुलूप. धाकटा ऐकायचा. त्याला पाठीवर जखमा झाल्या होत्या, त्यांतून ताप आला. दवाखान्यात चल म्हटल्यावर या वेळी तो नाही म्हणाला नाही, पण तोवर उशीर झाला होता. थोरला त्याला गाडीतून शिरपूरला घेऊन गेला, तिकडेच सगळं उरकलं आणि एकटा परत आला. मला हे त्यानं शनिवारी सांगितलं, तीच खुर्ची, तोच चहा.

“शेवटी शेवटी काय म्हणत होता?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“पाणी मागायचा,” तो म्हणाला. “दुसरं काही नाही.”

उठताना तो पडद्यापाशी थांबला. मुखपृष्ठं सरकत होती. तिसऱ्या खंडाचं येईपर्यंत उभा राहिला, आलं तसं बोट पट्टीवर ठेवलं आणि नखानं खरवडलं. काचेवर नखाचा आवाज झाला. चित्र सरकून दुसरं आलं. त्यानंतर तो ग्रंथालयात आला नाही.

आता मी टेबलावरचं प्रत्येक पुस्तक उचलताना यंत्राला दाखवतो. पोरं स्पर्धा परीक्षांची स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, ती यंत्र ओळखत नाही, लाल दिवा लावतं. बेन म्हणतात, “भाई, आता कशाला?” मी म्हणतो, शिकवलं होतं प्रशिक्षणात. दुपारी कुणी नसलं की संगणकावर ते चित्र उघडतो आणि मोठं करत जातो. पायरीचे ठिपके होतात, भिंतीचे चौकोन होतात. पट्टीवरचा आकडा मात्र कितीही मोठा केला तरी स्वच्छ वाचता येतो.